राघूचं उष्टं

शकू पाच वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. ऐकू तिला सगळं येई. लांब खाडीत लाँचचा भोंगा वाजला तरी ती मान वळवी, आणि तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं की कोंबड्यांच्याही आधी ती हजर असे. पनवेलच्या डॉक्टरांनी तिच्या घशात चमचा घालून पाहिलं, कानामागे घड्याळ धरलं, आणि पोरीत काही खोट नाही, बोलेल आपोआप, थोडी वाट पाहा, असं सांगून परत पाठवलं. वाट पाहा म्हणायला त्यांचं काय जात होतं? तिची आई रंभा पाच वर्षं दुसरं करत तरी काय होती?

खाडीकडच्या आळीत तिचं घर होतं. पुढे अंगण, मागे पडवी, पडवीपलीकडे वाडी, वाडीत एक कागदी लिंबाचं झाड आणि झाडाखाली बाव. बाव म्हणजे आपली साधी विहीर, कठडा नसलेली, पावसाळ्यानंतर काठोकाठ भरणारी. नवरा कमळाकर मिठागरावर जाई, घरी सासू कृष्णाबाई. आळीतली पोरं दिवसभर 'आये, आये' करून आयांचा जीव खात, आणि त्या बाया कावून ओरडत, काय सारखं आये आये लावलंय म्हणून. ते ऐकलं की रंभा दार लोटून घेई. लेकीनं पोथी वाचून दाखवावी असं तिचं काही म्हणणं नव्हतं. एकदा 'आये' म्हणावं, एवढंच. त्या एका शब्दापायी ती झुरत होती आणि आळीत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

उशिरा बोलणाऱ्या पोराला राघूचं उष्टं खायला द्यावं, हे कृष्णाबाईनं आधीच सांगितलं होतं. तसं ते सगळ्यांनाच माहीत असतं. पोपटानं टोचलेला पेरू पोराला भरवायचा, की पोपटाची वाचा त्याला लागते. पहिल्या हिवाळ्यात रंभानं सगळ्या आळीतल्या पेरूंखाली हिंडून पोपटांनी टोचून टाकलेली फळं गोळा केली आणि शकूला भरवली. शकूचं पोट बिघडलं, वाचा काही लागली नाही. मग कृष्णाबाईनं विचार करून कारण शोधून काढलं. झाडावरचे रानपोपट स्वतःच नुसते किरकिरतात, त्यांच्यापाशी बोलणं असेल तर ते देतील ना? उष्टं हवं ते बोलत्या राघूचं.

बोलता राघू आळीत कुणाकडे नव्हता. म्हणून मंगळीला सांगावा धाडला. मंगळी कर्नाळ्याच्या पायथ्याची कातकरीण. लाकूडफाटा आणि मध घेऊन पनवेलच्या बाजाराला येई आणि जाता जाता रंभाच्या ओटीवर पाणी प्यायला टेके. चैत्रात तिनं पाटीत घालून दोन पिल्लं आणली. एक नाजूक, लहानखुरं. दुसरं दांडगं, मोठ्या लाल चोचीचं, पंख फुटत होते तिथे खांद्यावर तांबडा डाग उमटायला लागलेला. रंभाचा हात नाजूक पिल्लाकडे गेला तर मंगळीनं तो बाजूला सारला.

"त्यो नको बाय. दिसायलाच गोड, बोलायला नाय. ह्यो करण जातीचा हाय, मानसावानी बोलंल. आनि जगंल बी मानसाएवढा. तुझ्या मागं ऱ्हाईल ह्यो."

रंभानं एक जुनं लुगडं आणि सूपभर तांदूळ देऊन करण ठेवून घेतला. त्याचं नाव राघूच पडलं, दुसरं नाव कोण शोधत बसणार? पिंजरा मागच्या पडवीत टांगला, आणि दुसऱ्या दिवसापासून रंभानं शाळा उघडली. सकाळी भाकऱ्या झाल्या की ती पिंजऱ्यासमोर उभी राही. "राघू, आये म्हन. आये." दुपारी भांडी झाली की परत. भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकेक करून चोचीत द्यायची आणि म्हणायचं, "आये म्हन." पोपट डाळ खाई आणि शीळ घाली. तिनं कंटाळा केला नाही. त्याच्याशी बोलताना तिचा आवाज असा काही मऊ होई, की कमळाकर एकदा जेवता जेवता थांबून ऐकत राहिला होता. खरं तर हे सगळं बोलणं तिनं शकूला समोर बसवून केलं असतं तर? पण ते तिच्या डोक्यात आलं नाही, आणि आणखी कुणाच्याही आलं नाही. आधी राघू बोलला पाहिजे, मग राघूचं उष्टं, मग शकू. ठरलं होतं तसं ठरलं होतं.

शकू पडवीच्या पायरीवर बसून हे सगळं पाही. पाहून कंटाळली की उठून लिंबाखाली जाई. तिथे तिचं स्वतःचं वेगळंच चाललेलं असे.

राघू बोलला तो पौषात. रंभा मोरीवर भांडी घासत होती आणि पाठीमागून स्वच्छ आवाज आला, "आये." हातातली परात खाली पडली. राखेच्या हातांनी ती धावली. पिंजऱ्याखाली शकू बसली होती, हातात पेरूची फोड, तोंड अर्धवट उघडं. रंभानं तिला उचललं, छातीशी धरलं, मुके घेतले, सासूला हाका मारल्या, पोरगी बोलली म्हणून रडली. कृष्णाबाई लगबगीनं आली. तेवढ्यात डोक्यावरून पुन्हा आवाज आला, "आये." पोपट मान वाकडी करून डाळीची वाट पाहत होता. कृष्णाबाईला हसू आवरेना, पोट धरून ती खाली बसली. मग सुनेचा चेहरा पाहिला आणि गप्प झाली. रंभानं शकूला खाली ठेवलं. लेकीच्या परकरावर राखेची बोटं उमटली होती.

पण एक झालं, राघू आता बोलता होता. उष्टं सुरू झालं. पेरू होते तोवर पेरू, मग बोरं, मग काकडी. उन्हाळा चढला आणि फळ मिळेना, तेव्हा रंभानं राघूनं अर्धी खाऊन टाकलेली मिरची शकूला दिली. पोपटाला मिरची गोड लागते, माणसाच्या लेकराला ती लागत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. पण उष्ट्यात खंड पडू नये म्हणून तिनं पोरीचा जबडा धरला आणि मिरची जिभेवर ठेवली. शकू तोंडानं हवा ओढत, डोळ्यांतून पाणी काढत लिंबाखाली पळाली आणि संध्याकाळपर्यंत घरात आली नाही. त्यानंतर आई पिंजऱ्याकडून येताना दिसली की ती ओठ घट्ट मिटून घेई. रंभाला त्या मिटलेल्या ओठांचा राग येई. आपण तिच्यासाठी एवढं करतो आणि ही तोंड उघडत नाही, असं तिला वाटे.

इकडे राघूला ऊत आला होता. दिवसभर "आये, आये". रंभा दरवेळी हातातलं टाकून धावे, न जाणो, या खेपेला शकू असेल. आणि दरवेळी पिंजऱ्यासमोर उभी राहून परत फिरे. परातीत भाकरी तशीच राही, तव्यावरची करपे. पोपटाची आई झालीस, असं कृष्णाबाई म्हणाली. कमळाकर म्हणाला, हे बंद कर, लोक हसतात. पावसाळा सरता सरता रंभानं मनाशी ठरवून टाकलं, आता उठायचं नाही. पहिले काही दिवस हाक आली की पाय आपोआप हलत. पुढे तेही थांबलं. हाक यायची, ती काम करत राहायची.

त्याच दिवसांत लिंबाच्या पानांवर अळ्या पडल्या. हिरव्या, गुबगुबीत. झाडाची पानं कुरतडून खातात म्हणून कृष्णाबाई त्या वेचून कोंबड्यांना टाकी. शकू एका फांदीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि आजीला तिथे जाऊ देईना. एवढीशी पोर, पण डोळे असे की म्हातारीनं हात टेकले. त्या फांदीवरची एक अळी वाचली. तिचा कोष झाला. शकू रोज सकाळी उठून आधी कोष पाही, मग तोंड धुई. आणि एका सकाळी तो फुटला. चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, फांदीला लोंबकळलं, हळूहळू उलगडलं आणि पंजाएवढं काळंभोर फुलपाखरू झालं. मागच्या पंखांवर निळा रंग, काळ्या लुगड्यावर निळीचं पाणी सांडावं तसा. शकू धावत पडवीत आली आणि आईचा पदर ओढायला लागली. रंभा राघूला "शकू" म्हणायला शिकवत होती. नाव शिकला तर उष्ट्याला जास्त गुण येईल, असं तिला वाटत होतं. तिनं पदर सोडवून घेतला. थांब गं जरा, त्याला शिकू दे, म्हणाली. शकू थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. फुलपाखरू तोवर उडालं होतं. पण तशी आणखी दोन-तीन वाडीत येऊ लागली. बावेवर पाणी शेंदताना सांडून काठाला जो चिखल होई, त्यावर ती उतरत आणि पंख मिटून-उघडून ओल चोखत बसत.

मंगळी आली तेव्हा तिनं हे पाहिलं. शकू चिखलाच्या कडेला उकिडवी बसली होती, तिच्यापुढे ती निळी-काळी फुलपाखरं, आणि पडवीत राघू ओरडून घर डोक्यावर घेत होता. मंगळी पाणी पिता पिता हसली.

"दोगं बी आमच्या डोंगरातले. ह्यो बोलतो म्हनून कोंडलाय. ती पाखरं मुकी हायती, कुनी इचारत नाय, म्हनून मोकळी. आनि बाय, ह्याचं आयुष्य मानसाएवढं, पाखराचं चार दिवसांचं. द्येवानं एकाला सगळं दिलं, एकाला नुसता रंग."

मंगळीच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण 'मुकी' हा शब्द रंभाला झोंबला. ती फाडकन म्हणाली, माझी पोर मुकी नाही. मंगळी चपापली, तांब्या खाली ठेवून निघून गेली, आणि मग बरेच दिवस तिनं या घराची पायरी चढली नाही. रंभा मात्र मनातल्या मनात तेच घोळवत राहिली. कशी का असेना, पाखराला राघूची सर नाही. त्याला हाक नाही, शीळ नाही, नुसतं पंख हलवायचे आणि मरायचं. शकू त्या पाखरांत बसते म्हणूनच तिला वाचा येत नाही, असंही तिला वाटू लागलं. एकदोनदा तिनं पोरीला तिथून उठवून पिंजऱ्याखाली आणून बसवलं. शकू बसली. आईचं ऐकायची तिला सवय होती. दुपारी घर पेंगत असलं की ती आपण होऊनही पिंजऱ्याखाली बसू लागली. रंभानं एकदा दारातून पाहिलं, पोरीचे ओठ हलत होते. पोपटाची सांडलेली डाळ खात असेल, असं समजून ती आत गेली.

त्याच आठवड्यात कधीतरी रंभा चुलीपुढे असताना पडवीतून "आये" आलं. नेहमीसारखं स्वच्छ नव्हतं. जाड, अडखळतं, घशात डाळ अडकल्यासारखं. राघू बिघडला की काय, असं वाटून ती आतूनच ओरडली, "नीट म्हन! असं बोलशील तर डाळ नाय." पडवीत एकदम सामसूम झाली.

आश्विनात लवकर पिकणारं हळवं भात घरात आलं. दिवाळीच्या पोह्यांसाठी रंभानं भात भिजवलं, भाजलं, आणि ती पुढच्या अंगणात उखळापाशी उभी राहिली. कृष्णाबाई शेजारी गेली होती, कमळाकर मिठागराच्या बांधावर. दुपारची वेळ, आळीत शांतता, फक्त मुसळाचा घाव. दोन घावांच्या मध्ये मागच्या बाजूनं हाक आली, "आये." ती परवाचीच जाडी हाक. रंभानं मुसळ उचललं. पुन्हा आली, या खेपेला लांबवलेली, चढलेली. "गप रे राघू," रंभा म्हणाली. मग एक अर्धवट आली, तिच्यावर घाव पडला, आणि नंतर काही आलं नाही. रंभाला वाटलं, बरं झालं, गप्प बसला एकदाचा.

पोहे पाखडून झाल्यावर गरम गरम मूठभर तिनं शकूसाठी घेतले आणि मागे गेली. राघू पाठीच्या पिसांत चोच खुपसून झोपला होता. बावेच्या काठी चिखलावर एक फुलपाखरू होतं, ते तिची चाहूल लागून उडालं. चिखलात पाय घसरल्याची लांब रेघ होती. बाव काठोकाठ भरलेली, आणि पाण्यावर शकूचा परकर फुगून आला होता.

त्यानंतरचं काय सांगायचं? आळीतले पुरुष उतरले, पोर वर काढली, उलटी धरली, पोट दाबलं. कमळाकरला निरोप गेला, तो चिखलाच्या पायांनी धावत आला आणि अंगणात पोह्यांच्या सुपाला अडखळून पडला. बाया रडल्या. कृष्णाबाई ऊर बडवून म्हणत होती, "तोंड असतं तर हाक तरी मारली असती गं माझ्या बायनं." सगळ्यांनी माना हलवल्या. रंभा भिंतीला टेकून बसली होती. तिनं ते ऐकलं. तिला एकटीलाच माहीत होतं की हाक आली होती.

पुढचे दिवस ती त्या हाकेला धरून बसली. राघूच तो. रोजच तर ओरडतो. ओरडला आणि झोपला. माझी शकू बोलत नव्हती, साऱ्या पनवेलला ठाऊक आहे बोलत नव्हती, मग ती हाक मारेल कशी? इतकी वर्षं जे खोटं ठरावं म्हणून तिनं देवाला साकडं घातलं, तेच खरं असावं, पोर मुकीच असावी, अशी ती आता विनवणी करत होती. बोलता बोलता माणसाचं नशीब असं उलटं होतं. रात्री ती हाक पुन्हा पुन्हा कानात येई, तो जाड आवाज, तो घसा, आणि ती स्वतःलाच म्हणे, राघूच.

राघू मात्र त्या दिवसापासून बोललाच नव्हता. डाळ कुणी देत नव्हतं, धडा कुणी घेत नव्हतं. बारावं-तेरावं झाल्यावर कमळाकर म्हणाला, हा पोपट मला डोळ्यांपुढे नको. मंगळीला ही बातमी बाजारात कळली होती, ती आपणहून आली. ओटीवर नाही बसली, मागनंच वाडीत आली. कमळाकरनं पिंजरा उतरवून तिच्या हातात दिला. रंभा पडवीच्या खांबाला धरून उभी होती. जाऊ दे, म्हणाली. खरंच तिला वाटत होतं, गेला म्हणजे सुटेन.

मंगळी पिंजरा घेऊन लिंबाखालून निघाली आणि वरून एक फुलपाखरू खाली उतरलं. काळं, मोठं, निळ्या पंखांचं. पिंजऱ्यावरून ते गेलं तसा राघू दांडीवर सरकला, मान ताठ केली आणि बोलला. स्वच्छ आवाजात नव्हे. जाड, अडखळता, लहान पोराचा आवाज.

"पाकू. आये, पाकू आला. बग."

घरात 'पाकू' कुणी कधी म्हटलं नव्हतं. पाखरू म्हणत, फुलपाखरू म्हणत. 'बघ' असंही त्याला कुणी शिकवलं नव्हतं. राघू पुन्हा म्हणाला, शब्दाच्या मध्ये आवंढा गिळून, जसा एखादं लेकरू धापा टाकत सांगताना गिळतं तसा. "आये. बग ना."

कृष्णाबाईनं तोंडावर हात ठेवला. कमळाकर खाली बसला. मंगळीनं पिंजरा हळूच मातीत टेकवला आणि ती मागे सरली. दुपारच्या दुपारी पिंजऱ्याखाली बसून शकू कुणाशी बोलत होती, ते तिथे प्रत्येकाला कळलं. आईच्या हातात मिरची होती, आईच्या तोंडी 'नीट म्हन' होतं. पोपट मात्र नुसता ऐकून घेत होता. पोरगी बोलायला शिकली होती, राघूपाशी घोकत होती, आणि आईला दाखवायला तिच्यापाशी एक पाखरू होतं.

"तिनंच हाक मारली व्हती," रंभा म्हणाली. "मी गप म्हनाले तिला."

ती रडली नाही. कमळाकरनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिला कळलाही नाही. मग ती पुढे झाली, मंगळीपुढचा पिंजरा तिनं उचलला आणि पडवीत होता त्याच जागी परत टांगला. कुणी नको म्हटलं नाही.

या गोष्टीला वर्षं झाली. कृष्णाबाई गेली. कमळाकर थकला, मिठागरावर जाणं त्यानं सोडलं. बावेला कठडा बांधून घेतला, पण तो आता कुणासाठी? लिंबावर दर पावसाळ्यात अळ्या पडतात, त्या कुणी वेचत नाही, झाड निम्मं खाल्लं जातं. फुलपाखरं येतात, चिखलावर बसतात आणि चार दिवसांत संपतात. राघू आहे. मंगळी म्हणाली होती तसाच आहे, धडधाकट, खांद्यावरचा तांबडा डाग अजून ठळक. लेकीची हाक रंभाला मिळाली ती अशी, राघूनं आधी चाखलेली.

तो दोन आवाजांत बोलतो. स्वच्छ आवाजात "आये" म्हणाला तर रंभा हलत नाही, तो आवाज तिनंच डाळ घालून शिकवलेला आहे. पण कधी दिवसातून एकदा, कधी पंधरा-पंधरा दिवस नाही, ती जाडी हाक येते. मग चुलीवर काय आहे, दारात कोण आलंय, ती पाहत नाही. हातातलं टाकून उठते. आता गुडघे दुखतात, भिंत धरून जावं लागतं, तरी जाते. "आले गं, आले," म्हणते. पिंजऱ्यासमोर उभी राहते आणि राघू "बग" म्हणाला की बावेकडे बघते. एखाद्या वेळी तिथे पाखरू असतं. बहुतेक वेळा नसतं.